आयबीडी आणि प्रोबायोटिक्स : प्रतिकारशक्ती आधीच भडकलेली, मग ती 'वाढवायची' कशाला?

सोनटक्का

माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. आतड्याला दीर्घकाळ दाह होणाऱ्या आजारांना मिळून आयबीडी म्हणतात, त्यातला हा एक; दुसरा क्रोन्स. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज, व्रण, रक्त पडणं, दिवसातून कितीदा तरी धावपळ, सगळं होऊन गेलंय. सध्या मेसालाझिन या दाह कमी करणाऱ्या औषधावर रेमिशनमध्ये आहे, म्हणजे आजार गप्प बसलाय. आता भेटेल तो एकच सांगतो, "प्रोबायोटिक (पोटासाठी चांगले समजले जाणारे जिवंत जिवाणू) सुरू कर, इम्युनिटी वाढेल." एकाने तर डबाच आणून हातात ठेवला. वर ठळक अक्षरांत 'रोगप्रतिकारशक्ती वाढवते' आणि मागे बारीक अक्षरांत बॅक्टेरियांची नुसती नावं.

मला पडलेला प्रश्न असा : आयबीडीत प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसतेच ना? उलट ती आवरायलाच तर स्टेरॉइड, अझाथायोप्रिन, बायोलॉजिक इंजेक्शनं देतात. मग ती वाढवणारं काही घेणं म्हणजे आगीत तेल नाही का? की हे बॅक्टेरिया आत जाऊन काही वेगळंच करतात? कुणाचा अभ्यास असेल तर सविस्तर लिहा. अनुभवही चालतील, पण त्यामागचं कारण सांगता आलं तर जास्त बरं.

रातकिडा

वाचतोय. जागा धरून ठेवतो.

उंटावरचा_शहाणा

मला आयबीएस आहे, म्हणजे इरिटेबल बॉवेल. प्रोबायोटिकने गॅस, पोटफुगी बरीच कमी झाली. घेऊन बघायला काय जातंय?

चतकोर

@उंटावरचा_शहाणा, तुमचा आजार वेगळा. आयबीएसमध्ये दुर्बिणीतून पाहिलं तर अस्तर ठीकठाक असतं. इथे व्रण पडतात, रक्त जातं, काहींचं आतडं कापावं लागतं. माझं लागलंय. सवडीने लिहितो.

पेशीबाई

सोनटक्का, तुमची शंका रास्त आहे. मी इम्युनॉलॉजी शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधाचा सल्ला देणार नाही, आत काय चालतं तेवढं सांगते. लांबेल जरा.

आतड्याच्या पोकळीत अब्जावधी-खर्वावधी बॅक्टेरिया आणि शरीराच्या आतल्या बाजूला प्रतिकारशक्तीच्या पेशींची शरीरातली सगळ्यात मोठी जमवाजमव. या दोघांच्या मध्ये पेशींचा एकच थर असतो. एकच! त्यावर म्यूकसचा बुळबुळीत लेप. एवढ्या जवळ राहूनही निरोगी माणसात भांडण होत नाही, कारण इथल्या प्रतिकारशक्तीचं बरंचसं काम सोसण्याचं असतं. कुणावर तुटून पडायचं नाही हे तिला शिकवलेलं असतं. आयबीडीत ही शिकवणच बिघडते. राखणीचा कुत्रा घरच्याच माणसांवर भुंकायला लागावा, तसं. त्याला आणखी खाऊपिऊ घालून धष्टपुष्ट करणं हा काही उपाय नव्हे. म्हणून डब्यावरचं 'वाढवते' या आजारात निरर्थक आहे. कोणती बाजू वाढते आणि कोणती उतरते, एवढाच प्रश्न कामाचा.

भांडण बॅक्टेरियांशीच आहे हे कशावरून? १९९३ साली आयएल-१० हा दाह आवरणारा संदेश-रेणू नसलेले उंदीर तयार केले. त्यांना आतड्याचा दाह झाला. पण असेच उंदीर पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले की दाह होत नाही. माणसातला पुरावा तर मला याहून बोलका वाटतो. क्रोन्सच्या काही रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेनंतर आतड्यातला मजकूर बाहेर वळवून ठेवला होता. तो वळवलेला असेपर्यंत पुढचा भाग शांत राहिला. तोच द्रव त्या भागात परत सोडला, तर ८ दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली दाह दिसू लागला. २००१ मध्ये क्रोन्सशी जोडलेलं पहिलं जनुक सापडलं ते एनओडी२. त्याचं काम काय, तर बॅक्टेरियाच्या भिंतीचा एक तुकडा ओळखणं. सगळे धागे एकाच ठिकाणी येतात.

मग प्रोबायोटिक काय करू शकतं? एक तर दोन पेशींमधल्या सांध्यांची घट्ट वीण टिकवायला मदत, म्हणजे बॅक्टेरियांचे तुकडे आत झिरपायचं प्रमाण कमी. काही जिवाणू अस्तराच्या पेशींना स्वतःची जंतुनाशक प्रथिनं बनवायला लावतात. ई. कोलाय निस्ले १९१७ हा त्यातला गाजलेला, तो आपल्या शेपटीसारख्या फ्लॅजेलममुळे बीटा-डिफेन्सिन-२ वाढवतो. (अवांतर : पहिल्या महायुद्धात आसपासचे सैनिक हगवणीने आडवे होत असताना एक जण ठणठणीत राहिला. अल्फ्रेड निस्ले या जर्मन डॉक्टरने त्याच्या विष्ठेतून हा जिवाणू वेगळा काढला. नावातला १९१७ तिथून आला.)

सगळ्यात महत्त्वाच्या मला डेंड्रिटिक पेशी वाटतात. त्या आतड्यातला माल चाखतात आणि टी-पेशींना सांगतात, हल्ला करा किंवा गप्प बसा. व्हीएसएल#३ या ८ स्ट्रेनच्या (जिवाणूंच्या ठरावीक उपप्रकारांच्या) मिश्रणाशी माणसाच्या डेंड्रिटिक पेशींची प्रयोगशाळेत गाठ घालून दिली, तेव्हा त्यांनी आयएल-१० जास्त आणि दाह भडकवणारं आयएल-१२ कमी सोडलं. म्हणजे 'गप्प बसा'च्या बाजूने. पण त्याच प्रयोगात वेगवेगळ्या स्ट्रेनचा परिणाम वेगवेगळा दिसला. बिफिडोबॅक्टेरियम त्या बाजूला जास्त झुकणारे, लॅक्टोबॅसिलस तितके नाहीत. म्हणून "प्रोबायोटिक घेतो" या वाक्याला तसा काही अर्थ नाही. कोणता, ते सांगा.

आणि ब्यूटिरेटबद्दल एक गैरसमज सारखा दिसतो. ब्यूटिरेट हे आतड्यातले जिवाणू तंतू आंबवून बनवतात ते मेदाम्ल. मोठ्या आतड्याच्या पेशींचं ते मुख्य इंधन, शिवाय ते नियामक टी-पेशी, म्हणजे हल्ला आवरणाऱ्या पेशी, वाढवतं. आयबीडीत ते बनवणारे जिवाणू रोडावतात. फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा त्यातला प्रमुख. २००८ मध्ये फ्रेंच गटाने दाखवलं, की क्रोन्सच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्यात तो कमी असेल तर आजार परतण्याची शक्यता जास्त. पण नेहमीच्या कॅप्सूलमधले लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडो स्वतः ब्यूटिरेट बनवतच नाहीत. फार तर लॅक्टेट आणि अ‍ॅसिटेट बनवतात, त्यावर दुसरे जिवाणू जगून ब्यूटिरेट बनवतात. ते दुसरेच नाहीसे झाले असतील तर? आणि प्राउस्निट्झी ऑक्सिजन लागला की मरतो, त्यामुळे त्याला कॅप्सूलमध्ये भरणं सोपं नाही.

खडूस_काका

पेशीबाई, लिहिलंत छान. पण यातलं निम्मं बशीतल्या पेशींचं आणि उरलेल्यातलं बरंच उंदरांचं. उंदरांचा कोलायटिस आजवर कशाकशाने बरा झालाय त्याची यादी केली तर हा धागा पुरणार नाही. आयएल-१० वाढलं म्हणून माणसाचं रक्त पडायचं थांबलं का, ते सांगा.

पेशीबाई

काका, तेच सांगायला बसले होते.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये निस्ले १९१७ची मेसालाझिनशी थेट तुलना झाली, २००४ मध्ये निकाल छापून आले. ३२७ रुग्ण, १२ महिने. आजार उलटला तो निस्ले गटात ३६.४ टक्के आणि मेसालाझिन गटात ३३.९ टक्के लोकांत. रेमिशन टिकवण्यात दोन्ही साधारण बरोबरीचे.

व्हीएसएल#३वर भारतातल्या अनेक केंद्रांत मिळून चाचणी झाली, २००९. सौम्य ते मध्यम आजाराचे १४७ रुग्ण. १२व्या आठवड्याला रेमिशन प्रोबायोटिक गटात ४२.९ टक्के, प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच पुडी) गटात १५.७ टक्के. डोस बघा : दिवसातून दोनदा ३.६ लाख कोटी जिवंत बॅक्टेरिया. नेहमीच्या कॅप्सूलमध्ये काहीशे कोटी असतात. म्हणजे त्या चाचणीचा दाखला देऊन ही कॅप्सूल गळ्यात मारता येत नाही.

आणि तुम्हाला हवा तो दुवा, प्रतिकारशक्ती आणि माणूस : बिफिडोबॅक्टेरियम इन्फान्टिस ३५६२४ ही स्ट्रेन कोलायटिसच्या रुग्णांना काही आठवडे दिली, तर रक्तातलं सीआरपी प्लासिबोच्या मानाने उतरलं. दाहाचा खुणेचा आकडा खाली आला एवढं नक्की. छोटा अभ्यास होता.

खडूस_काका

निस्लेच्या चाचणीत प्लासिबो गट नव्हता आणि मेसालाझिन दिवसाला दीडच ग्रॅम होतं, हेही लिहा की. दोन्ही गट नुसते बसून राहिले असते तर किती जणांचा आजार उलटला असता, ते त्या चाचणीतून कळत नाही. शिवाय कोलायटिसमध्ये प्लासिबोनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं, आजाराचा स्वभावच वरखाली होण्याचा आहे. म्हणून "मी घेतलं आणि फरक पडला" यावर माझा विश्वास बसत नाही. माझ्या स्वतःच्या बाबतीतसुद्धा.

अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये हे सगळं तपासून काय म्हटलं? कोलायटिस आणि क्रोन्स, दोन्हींत प्रोबायोटिक फक्त चाचणीचा भाग म्हणून वापरा. पुरावा तोकडा. विषय संपला.

चतकोर

काका, संपला नाही. त्याच मार्गदर्शनात पाऊचायटिसला ८ स्ट्रेनचं मिश्रण चालेल असं म्हटलंय, सशर्त का होईना. आणि तो मी. :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कोलायटिस औषधांना बधला नाही की मोठं आतडं काढतात आणि लहान आतड्याच्या शेवटाची पिशवी शिवून गुदद्वाराला जोडतात. तिला पाऊच म्हणतात. त्या पिशवीलाही सूज येते. अँटिबायोटिकने उतरते, बंद केलं की हजर. २००० साली इटलीत अशा ४० जणांना आधी अँटिबायोटिकने शांत केलं, मग निम्म्यांना व्हीएसएल#३ आणि निम्म्यांना प्लासिबो दिलं. ९ महिन्यांत प्लासिबोच्या २० पैकी २० जणांची सूज परतली. प्रोबायोटिकच्या २० पैकी फक्त ३ जणांची.

माझ्या डॉक्टरांनी त्याच आधारावर सुरू केलं. सॅशे फ्रिजमध्ये ठेवायचे, थंड पाण्यात किंवा थंड पदार्थात कालवायचे, गरम कशात टाकायचे नाहीत. पहिले काही दिवस पोट असं गुडगुडायचं की मीटिंगमध्ये शेजारचा वळून बघायचा. मग बसलं. अँटिबायोटिकचे फेरे कमी झालेत. आता हे प्रोबायोटिकमुळे की आणखी कशामुळे, ते काकांना विचारा.

पण त्या अभ्यासातली एक गोष्ट फार कमी जण सांगतात. जे १७ जण ९ महिने ठीक राहिले, त्यांचं प्रोबायोटिक बंद केल्यावर ४ महिन्यांच्या आत सगळ्यांची सूज परतली. सगळ्यांची. म्हणजे हे बॅक्टेरिया आत घर करत नाहीत. येतात, काम करतात, वाहून जातात. 'कोर्स' करून प्रतिकारशक्ती कायमची सुधारली असं काही होत नाही.

पेशीबाई

+१, आणि याला दुसरीकडूनही दुजोरा आहे. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेच्या गटाने २०१८ मध्ये निरोगी लोकांना ११ स्ट्रेनचं प्रोबायोटिक देऊन, एंडोस्कोपीने आतड्यातूनच नमुने घेतले. काहींच्या अस्तरावर बॅक्टेरिया टिकले, काहींनी सरळ हुसकावून लावले. विष्ठेत मात्र दोघांच्याही सापडत होते. म्हणजे नुसत्या विष्ठातपासणीवरून 'बसले' म्हणता येत नाही. त्यांच्याच जोडीच्या अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे बॅक्टेरिया परतायला उलट जास्त वेळ लागला. अँटिबायोटिकसोबत प्रोबायोटिक हवंच असं डोळे झाकून मानणाऱ्यांनी हे वाचावं.

चतकोर, एक विचारू? तुमच्या सॅशेवर नाव कोणतं आहे ते नीट बघा. २०१६ नंतर व्हीएसएल#३ या नावाखाली विकलं जाणारं मिश्रण आणि अभ्यासांत वापरलेलं मूळ मिश्रण ही एक राहिलेली नाहीत. मूळ सूत्र दुसऱ्या नावाने येतं, त्यावरून अमेरिकेत कोर्टकचेऱ्याही झाल्या. जुन्या अभ्यासांची पुण्याई नव्या डब्याला आपोआप लागत नाही.

चतकोर

हो, डॉक्टरांनीच बदलून दिलं होतं तेव्हा. पण सांगितलंत ते बरं केलंत, इथे वाचणाऱ्यांना उपयोगी.

निशिगंध_आई

माझ्या मुलीला क्रोन्स आहे, शाळेत जाते अजून. कोलायटिसचं एवढं वाचलं, क्रोन्सला काहीच नाही का? आम्हाला एकांनी बुलार्डी सुचवलंय. यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही म्हणाले.

पेशीबाई

ताई, यीस्टवर बॅक्टेरियाचं औषध चालत नाही, तेवढं खरं आहे. पण क्रोन्समध्ये निकाल निराशाजनकच आहेत. फ्रान्समध्ये सॅकरोमायसिस बुलार्डीवर १६५ रुग्णांची ५२ आठवड्यांची चाचणी झाली, रेमिशन टिकवण्यात प्लासिबोहून काही जास्त हाती लागलं नाही. लॅक्टोबॅसिलस जीजी मुलांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला देऊन पाहिला, तिथेही फायदा नाही.

असं का, याबद्दलचा माझा अंदाज सांगते, अंदाजच समजा. कोलायटिस अस्तरापुरता असतो आणि मोठ्या आतड्यात असतो, म्हणजे जिथे प्रोबायोटिक पोचतं तिथेच. क्रोन्स आतड्याच्या भिंतीच्या आरपार जातो, तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधले मधले भाग सोडून. वरून येऊन जाणारा पाहुणा भिंतीच्या आतल्या दाहाला किती शांत करणार? शिवाय एनओडी२सारख्या जनुकात दोष असेल, तर बॅक्टेरिया ओळखायची यंत्रणाच वेगळी वागते.

उंटावरचा_शहाणा

बरं, फायदा नसेल तर नसेल. पण अपाय तरी काय? जिवाणू चांगलेच आहेत ना.

खडूस_काका

शहाणे, हे 'अपाय तरी काय' फार महागात पडलेलं आहे. नेदरलँड्समध्ये तीव्र स्वादुपिंडदाहाच्या अत्यवस्थ रुग्णांना प्रोबायोटिक दिलं होतं, निकाल २००८ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. प्लासिबो गटात ६ टक्के मृत्यू, प्रोबायोटिक गटात १६ टक्के. तो आयबीडी नव्हता, मान्य. पण तिथेही 'जिवाणू चांगलेच' होते.

आयबीडीत बहुतेकांना फार तर गॅस होतो. सावध कुणी राहायचं? ज्यांचा आजार तीव्र उसळलाय, ज्यांच्या मोठ्या शिरेत नळी आहे, ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी बरीच दाबलेली आहे. अस्तर फाटलेलं असताना हेच बॅक्टेरिया रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत, विरळ असल्या तरी. बुलार्डी तर शिरेत नळी असलेल्यांना नकोच, यीस्ट रक्तात जातं. निशिगंधताई, मुलीचं इन्फ्लिक्सिमॅबसारखं बायोलॉजिक इंजेक्शन वगैरे चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका.

आणि हो, निस्लेचं कौतुक चाललंय तर हेही ऐका : त्या जिवाणूत कोलिबॅक्टिन नावाचं डीएनएला इजा करणारं रसायन बनवायची जनुकं आहेत. जुन्या कोलायटिसमध्ये आतड्याच्या कर्करोगाची जोखीम मुळात जास्त असते. त्यामुळे माणसात खरोखर धोका किती, हा वाद चालू आहे.

पेशीबाई

काका बरोबर आहेत. निस्ले धरून.

रातकिडा

मी जागा धरली होती, आता वापरतो. गोळ्यांपेक्षा आंबवलेले पदार्थ आणि तंतुमय आहार बरा नाही का? स्टॅनफर्डच्या अभ्यासात आंबवलेल्या पदार्थांनी दाहाचे मार्कर उतरले होते ना?

पेशीबाई

उतरले होते, २०२१ चा अभ्यास, १० आठवड्यांचा. पण ती सगळी निरोगी माणसं होती. आयबीडीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तंतूंचंही तसंच. २०२३ मध्ये एका कॅनेडियन गटाने दाखवलं, की आंबवणारे जिवाणूच कमी असतील तर इन्युलिनच्या जातीचे तंतू न आंबता तसेच राहतात आणि काही रुग्णांच्या पेशींत दाह उलट वाढवतात. आजार शांत असताना पचेल ते खावं. उसळलेला असताना 'प्रीबायोटिक' पावडरीचे (म्हणजे जिवाणूंचं खाद्य असलेल्या अशाच तंतूंचे) प्रयोग करू नयेत.

सोनटक्का

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला धागा वाचायला दिला. त्याचा प्रश्न : डॉक्टर हो म्हणालेच आणि एखादी ठरावीक स्ट्रेन सुरू केली, तर आत काही फरक पडतोय का ते कळणार कसं? गॅस कमी झाला, मन प्रसन्न वाटलं, हे त्याला पुरेसं वाटत नाही.

चतकोर

फीकल कॅल्प्रोटेक्टिन. विष्ठेची तपासणी. न्यूट्रोफिल पेशी आतड्यात धावून आल्या की त्यांच्यातलं हे प्रथिन विष्ठेत उतरतं, म्हणजे अस्तरावर हल्ला चालू आहे की नाही याची थेट खूण. साधारणपणे ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर निर्धास्त, २५० च्या वर गेला तर डॉक्टर कान टवकारतात. सुरू करण्याआधी एकदा करायची, मग डॉक्टर सांगतील तेव्हा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. मधल्या काळात दुसरं काहीही बदलायचं नाही. मेसालाझिनला तर हातच लावायचा नाही, बरं वाटतंय म्हणून गोळी सोडणारेच पुन्हा वॉर्डात दिसतात.

आणि तपासणीच्या आधी आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅक छापाची वेदनाशामकं टाळायला सांगा, त्यांनीही आकडा चढतो. तशीही ती आपल्या आजारात वाईटच.

खडूस_काका

एक भर. रक्त पुन्हा दिसायला लागलं तर 'प्रोबायोटिक बसतंय अजून' म्हणून वाट बघत बसू नका. आधी डॉक्टरांना फोन, आणि विष्ठेत क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसिलची तपासणी करून घ्या. तो संसर्ग हुबेहूब आजार उसळल्यासारखा दिसतो, आणि त्याचं औषध साफ वेगळं आहे.

निशिगंध_आई

काका, ही तपासणी क्रोन्समध्येही करतात का?

खडूस_काका

हो, दोन्हींत.